वाळवंटात राहायला गेल्यावर वाद्यं, रेकॉर्ड्स आणि रियाज कसा सांभाळावा

आमच्या तंबोऱ्याला तडा गेला तो उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यातल्या एका कडक थंडीच्या रात्री. हीटर लावून झोपलो होतो. मध्यरात्री केव्हातरी वाळकी काडी मोडावी तसा ‘टक्’ आवाज आला आणि मी कूस बदलून पुन्हा झोपलो. सकाळी गवसणी काढली तर तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या पातळ लाकडी फळीवर, घोडीपासून खालच्या कडेपर्यंत केसाएवढी बारीक रेघ. बोट फिरवलं तर नखाला कड लागत होती. सगळा उन्हाळा मी त्या तंबोऱ्याला जिवापाड जपलं होतं. थंडी सुरू झाली आणि मी निर्धास्त झालो, तिथेच चुकलो.

वाळवंटात राहायला जाणाऱ्या गाण्यातल्या माणसाला मी म्हणूनच सगळ्यात आधी हे सांगतो: उन्हाला घाबरा, पण कोरड्या हवेला त्याहून जास्त घाबरा, आणि एका दिवसात होणाऱ्या चढउताराला सगळ्यात जास्त. त्या रात्रीचा हिशोब मी नंतर मांडून पाहिला. बाहेर ५ अंश सेल्सिअस तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता १३ टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची तहान वाढते. ती तहान मग लाकडातून भागवली जाते.

लाकडाचं गणित सोपं आहे. ५० टक्के आर्द्रतेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं. २० टक्क्यांत ते साडेचारच्या आसपास येतं. पाणी गेलं की लाकूड आकसतं, तेही रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही, आडवं आकसतं. पातळ फळी कडांना चिकटवून घट्ट धरलेली असली की तिला आकसायला जागाच उरत नाही. मग ती तडकते. तंबोऱ्याची तबली, गिटारचा पुढचा भाग, व्हायोलिनचं पोट, पियानोचा साउंडबोर्ड, सगळ्यांचं दुखणं हेच.

निघण्याआधी

तारा थोड्या उतरवा, पूर्ण सोडू नका. व्हायोलिनच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे आधाराची लाकडी काडी, पडतो. तबल्याचे गट्टे, म्हणजे चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे, वर सरकवून ताण उतरवा. रेकॉर्ड्स उभ्याच ठेवून बांधा, एकावर एक रचू नका. आणि काहीही झालं तरी वाद्य किंवा रेकॉर्ड्स गाडीच्या डिकीत ठेवून उन्हात जेवायला उतरू नका. बाहेर चाळीस अंश असताना बंद गाडीत पारा साठीच्या पुढे जाऊ शकतो. साठीच्या आसपास रेकॉर्डचं विनाइल मऊ पडायला लागतं आणि पारंपरिक सरसाने जोडलेल्या वाद्यांचे सांधेही सुटू शकतात.

नव्या घरी पोचल्यावर वाद्याची केस लगेच उघडायची नाही. मोह होतो, मला ठाऊक आहे. पण एक पूर्ण दिवस केस बंदच राहू द्या. आतली हवा हळूहळू बदलली तर वाद्याला सावरायला वेळ मिळतो. पियानो असेल तर ट्यूनिंगची घाई नको. त्याला नव्या हवेत काही आठवडे मुरू द्या, नाहीतर लावलेला सूर महिन्याभरात उतरलेला सापडेल.

पहिला आठवडा फक्त मोजायचा

एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या. जमलं तर दोन घ्या, एक खोलीसाठी आणि एक केसमध्ये ठेवायला. साधे मापक बरेचदा पाच-सात टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी त्यांची मिठाची परीक्षा घ्यायची:

१. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये.
२. हे झाकण आणि मापक एकाच हवाबंद पिशवीत ठेवा, पण मापकाला मीठ लागू देऊ नका.
३. पिशवी सावलीत, एकसारख्या तापमानात, दहा-बारा तास तशीच राहू द्या.
४. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवून वाचा.

मग आठवडाभर पहाटे, दुपारी आणि रात्री आकडे लिहून ठेवा. खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले लिहा. आमच्याकडे एसीच्या झोताखालचा आणि आतल्या भिंतीजवळचा आकडा एकाच वेळी एवढा वेगळा निघाला की मापक बिघडलाय असं वाटून मी दोन्ही मापकांची अदलाबदल करून पाहिली. ही वही पुढे वर्षभर उपयोगी पडते.

लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ४० पर्यंत चालवून घेता येतं. त्याखाली मात्र लक्ष द्यायलाच हवं.

पाणी घराला पाजू नका, वाद्याला पाजा

बहुतेक जण पहिली चूक इथे करतात. मोठा ह्युमिडिफायर आणतात आणि अख्खं घर ओलं करायला निघतात. हिशोब बघा. चार मीटर बाय तीन मीटरची साधी खोली, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. २५ अंशांना ती १५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर न्यायला जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम पाणी लागतं. ऐकायला सोपं वाटतं. पण दाराखिडक्यांच्या फटींतून दर दोन तासांनी हवा बदलत असेल तर रोज अडीच लिटरहून जास्त पाणी त्या एकाच खोलीत ओतत राहावं लागेल. पाणी मुळातच जपून वापरायच्या मुलखात हे मनाला पटत नाही, आणि एक दिवस खंड पडला की चढउतार ठरलेला. उलट वाद्याच्या केसमधली हवा शंभरेक लिटर. तिला एक ग्रॅमही पाणी लागत नाही. केसचं अस्तर आणि लाकूड आणखी थोडं पितात, तेवढंच.

म्हणून वाद्याचं घर म्हणजे त्याची केस. चांगल्या बंद होणाऱ्या कडक केसवर खर्च करा. त्या पैशाचं मला कधीच वाईट वाटलं नाही. तंबोऱ्यासारख्या मोठ्या वाद्याला केस नसेल तर घट्ट दाराचं कपाट चालतं. दाराच्या कडेने रबरी पट्टी चिकटवायची आणि आत वाद्य गवसणीसकट उभं करायचं.

आत ओलावा कसा द्यायचा? भोकं असलेली, झाकणाची साबणदाणी घ्या. तिच्यात स्पंज बसवा. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घालून स्पंज भिजवा आणि पुन्हा पुन्हा पिळा, इतका की तळहातावर दाबला तर थेंब पडता कामा नये. ही साबणदाणी केसमध्ये वाद्याला न टेकता बसली पाहिजे. गिटारला एक डोक्याजवळ आणि एक कमरेपाशी, अशा दोन ठेवा. तंबोऱ्याच्या कपाटात मी तीन ठेवतो, त्यातली एक भोपळ्याच्या उंचीवर. तीन-चार दिवसांत स्पंज कोरडा होतो, हिवाळ्यात त्याहून लवकर. नळाचं पाणी टाळा. वाळवंटातल्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि काही आठवड्यांत स्पंजवर पांढरी साय धरते.

मापक ६० च्या वर गेला तर एक साबणदाणी काढून घ्या. जास्त ओलाव्यानेही सांधे फुगतात.

कपाटाची जागा आतल्या भिंतीला धरून असावी. बाहेरची भिंत दिवसा तापते आणि रात्री गार पडते. खिडकीजवळ, एसीसमोर, हीटरच्या बाजूला नको.

कूलर, एसी, हीटर

यातला सगळ्यात फसवा कूलर. तो चालू असताना खोलीची आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, बंद केला की दोन तासांत पुन्हा तळाला. वाद्याला दिवसातून दोनदा पावसाळा आणि दोनदा उन्हाळा सोसावा लागतो. कूलरच्या खोलीत वाद्य उघडं ठेवूच नका.

तबलावादकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. कूलरच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडते आणि सूर उतरतो. आपण हातोडीने गट्टे ठोकून सूर चढवतो, रियाज करतो आणि तबला तसाच ठेवून देतो. रात्री हवा कोरडी झाली की तीच पुडी स्वतःहून ताणली जाते, आणि आपण दिलेला ताण त्यात जमा होतो. पुडी फाटते ती अशी, कुणी हातही न लावता. रियाज संपला की गट्टे वर सरकवून ताण उतरवायचा आणि मगच कव्हर घालायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपावर, बारीक भेगा दिसू लागल्या तर तबल्याच्या कपाटातही साबणदाणी हवी. पुडीला तेल-पाणी लावायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका.

एसी हवा आणखी कोरडी करतो, पण निदान एकसारखी ठेवतो. हीटरचं माझं सांगून झालंच आहे. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा मापक बघत होतो, तिथे आता रोज बघतो.

वाद्यांची तक्रार ओळखायला शिका

वाद्य तडकण्याआधी सांगतं. गिटारच्या पट्टीच्या कडेने बोट फिरवा. पडद्यांची टोकं टोचू लागली तर लाकूड आकसलंय आणि धातू जागेवर आहे. पुढच्या भागावर सरळ पट्टी आडवी धरून बघा. निरोगी गिटारला तिथे किंचित फुगवटा असतो, तहानलेली गिटार सपाट होते किंवा आत बसते. तंबोऱ्याच्या आणि सतारीच्या खुंट्या सरकू लागतात, सूर लावावा आणि हात काढताच खुंटीने मागे फिरावं असं होतं. खुंटीला खडू लावून त्या दिवसाचं काम भागतं, पण खरा उपाय ओलावाच. खुंट्या ठोकून बसवू नका. हवा सुधारल्यावर त्या फुगतात आणि मग निघत नाहीत.

हार्मोनियम या बाबतीत सोशिक, पण तिची तक्रार वेगळीच असते. वाळूचा एकच कण रीडच्या जिभेत आणि चौकटीत अडकला की सूर घोगरा होतो किंवा मुका होतो. वरचं झाकण काढून पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच फिरवली की बहुतेक वेळा कण निघून येतो. सुई किंवा ब्लेड घालू नका, जीभ खरवडली की सूर बदलतो.

बासरी सगळ्यात नाजूक. बांबू उभा चिरतो. दोन्ही टोकांना आणि भोकांच्या मधे मजबूत दोरा गुंडाळून घ्या, आतून पंधरवड्याने तेलाचा हलका हात फिरवा आणि ती झाकणाच्या नळीतच ठेवा. तिच्या सुराबद्दल एक सांगायला हवं. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो, २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ३५ ला ३५२. त्यामुळे बासरीचा सूर चढतो. हवा १५ अंशांनी तापली तर हिशोबाने ४० सेंटहून जास्त (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). फुंकरीची ऊब मधे येते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. तारा मात्र उन्हाने उतरतात. बासरी आणि तंतुवाद्य एकत्र वाजवायचं असेल तर दोघांनीही अर्धा तास त्याच खोलीत बसावं आणि मगच सूर जुळवावा.

तडा गेलाच तर घरातला झटपट चिकटणारा गोंद भरू नका. मी त्या सकाळी नळी हातात घेतली होती. मग कुणीतरी शहाण्याने फोनवर थांबवलं म्हणून तंबोरा वाचला. वाद्य आधी दोन-तीन आठवडे योग्य ओलाव्यात ठेवायचं. लाकूड फुगतं आणि तडा आपोआप मिटत येतो, आणि तेव्हाच कारागिराने तो सांधायचा. फाकलेल्या तड्यात गोंद भरला तर तो कायमचा फाकलेला राहतो.

वाळू आणि रेकॉर्ड्स

वादळाची सूचना आली की खिडक्यांच्या फटींना ओल्या कपड्याच्या वळकट्या लावा, ॲम्प्लिफायर बंद करून, थंड झाल्यावर झाका, टर्नटेबलचं झाकण लावा. वादळ गेल्यावर लगेच पुसायला धावू नका. हवेतली बारीक धूळ खाली बसायला काही तास लागतात.

वाळूत मुख्यतः क्वार्ट्‌झ असतं. ते काचेपेक्षा कठीण, विनाइलची काय कथा. म्हणून रेकॉर्ड कोरड्या फडक्याने कधीच पुसायची नाही, तो सँडपेपर होतो. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग कार्बन फायबरचा ब्रश खोबणीच्या दिशेने फिरवा, दाब न देता. कोरड्या हवेत रेकॉर्डवर स्थिर वीज साचते, कव्हरमधून काढताना चटचट आवाज येतो आणि सगळी धूळ तिच्याकडे खेचली जाते. कागदी आतल्या पिशव्यांऐवजी अँटिस्टॅटिक पिशव्या वापरा, आणि रेकॉर्डला हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूला स्पर्श करा. महिन्या-दोन महिन्यांतून डिस्टिल्ड वॉटरने ओली स्वच्छता केली की चटचट बरीच कमी होते.

जमेची बाजूही आहे. पोलादी तारांना गंज धरत नाही. रेकॉर्डच्या कव्हरांना बुरशी येत नाही. जुन्या कॅसेट आणि स्पूल टेपा दमट हवेने चिकट होतात, त्यांना ही हवा मानवते, फक्त ऊन लागू देऊ नका.

खोलीतच ह्युमिडिफायर लावायचा असेल तर अल्ट्रासॉनिक प्रकारात नळाचं पाणी घालू नका. क्षारांची पांढरी पूड उडून ॲम्प्लिफायरमध्ये जाते. ब्लूटूथ स्पीकर आणि हेडफोन गाडीत विसरू नका, आणि तापलेले असताना चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरीला ४५ अंशांवर चार्जिंग सोसत नाही.

ऐकायची खोली

फरशी, कोऱ्या भिंती, उंच छत: अशा घरात पहिल्या दिवशी गाणं लावलं तर शब्द एकमेकांत मिसळतात. इथे एक सोय आहे. जे उष्णता अडवतं तेच बरेचदा आवाजही शोषतं. दुहेरी जाड पडदे, जाड सतरंज्या, पुस्तकांनी भरलेलं कपाट बाहेरच्या भिंतीला. उन्हाळ्यासाठी करायचंच आहे, तर ऐकण्याचा विचार करून करा. स्पीकरच्या आणि आपल्या मधल्या फरशीवर आधी सतरंजी टाका, फरक त्याच मिनिटाला कळतो.

एसीची घरघर विलंबित आलाप खाऊन टाकते. मी खोली तासभर आधी चांगली गार करतो, पडदे ओढतो आणि एसी बंद करून ऐकायला बसतो. पाऊण तास निवांत मिळतो. एका रागाला तेवढा पुरतो.

गळा आणि रियाजाची वेळ

गाणाऱ्याचं वाद्य केसमध्ये ठेवता येत नाही. एका घोटात गळा ओला होत नाही, प्यायलेलं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून रियाजाच्या दोन तास आधीपासून थोडं थोडं प्या. श्वास नाकाने घ्या, नाक हा आपला स्वतःचा ह्युमिडिफायर आहे. रियाजाआधी पाच-सात मिनिटं वाफ घ्या. नाक रात्रभर कोरडं पडत असेल तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा. वादळाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही खोकला असेल तर तारसप्तकाच्या वाटेला जाऊ नका, तंबोरा लावून नुसतं ऐका.

रियाजाची वेळ पहाट. हवा थंड असते, आर्द्रता दिवसातली सगळ्यात जास्त असते, आणि घरातला एसी बंद असतो. उन्हाळ्यात उजाडायच्या आत संपवायचा.

रात्र, मोकळी हवा

दिवसा तापलेल्या जमिनीवर आवाज वरच्या बाजूला वळतो आणि विरतो. शिवाय कोरडी हवा वरचे स्वर गिळते: १५ अंशांना, ४००० हर्ट्‌झचा आवाज ५० टक्के आर्द्रतेत किलोमीटरला ३६ डेसिबलने क्षीण होतो, २० टक्क्यांत तब्बल ८९ ने. खोलीत याचा काहीच फरक पडत नाही, पण उघड्यावर लांबून ऐकलेलं गाणं म्हणूनच बोदं लागतं. रात्री उलट होतं. निरभ्र आभाळाखाली जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगत थंड हवेचा थर बसतो आणि आवाज खाली वाकून लांबवर जातो. गच्चीवर स्पीकर लावाल तर फार दूरच्या घरातही खर्ज पोचेल. रात्री दहानंतर हेडफोन किंवा नुसता तंबोरा.

इथल्या लोकांचं संगीत ऐकायला जा, आणि त्यांची वाद्यं जवळून बघा. थरच्या वाळवंटातल्या मांगणियार गायक-वादकांचा कमायचा, हे गजाने वाजवायचं वाद्य, आंब्याच्या एकसंध लाकडातून कोरलेला, वर कातडं. सहारातल्या तुआरेग जमातीच्या स्त्रिया वाजवतात तो एकतारी इमझाद भोपळ्यावर कातडं ताणून केलेला. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. चिकटवलेली पातळ फळी दोन्हींत नाही. ते दिसलं तेव्हा माझ्या तंबोऱ्याचा तडा मला नव्याने समजला.

आणि गाणाऱ्या वाळूची टेकडी गाठता आली तर जरूर जा. जगात अशा मोजक्याच आहेत. चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या डोंगराचं तर नावच ‘मिंगशा’, म्हणजे आवाज करणारी वाळू. वाळू पूर्ण कोरडी हवी, पाऊस पडून गेला असेल तर काही ऐकू येत नाही. संध्याकाळी, वाळू निवल्यावर, वाऱ्याच्या आडोशाच्या उभ्या उतारावर बसा आणि बसल्या बसल्या खाली घसरा. घसरणारी वाळू ७० ते ११० हर्ट्‌झच्या टापूत गुंजते. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ ला वाजते. फोनमधला ट्यूनर चालू ठेवा आणि हात कोपरापर्यंत वाळूत घाला, सूर कानाला लागतो तसा हातालाही लागतो.